‘काढ’ म्हटल्यावर एजंटने नेमकं काय करायचं?

साताऱ्यात दातांच्या एका दवाखान्यासाठी एआय एजंट बांधणाऱ्या मुलीचा प्रश्न असा आहे: ‘एजंटला कॅलेंडरमधली नोंद डिलीट करायचं टूल दिलंय. ते नोंदीचं नाव आणि तारीख घेतं आणि जुळेल ती नोंद पुसतं. गेल्या आठवड्यात त्याने एका जाधवांऐवजी दुसऱ्या जाधवांची वेळ रद्द केली. ते कोरेगावहून बसने येऊन दारात उभे, आणि त्यांच्या वेळेला खुर्चीत दुसराच पेशंट. टूलमध्ये “खात्री आहे का: हो किंवा नाही” असा एक रकाना वाढवला तर भागेल का? की एजंटकडून डिलीट काढूनच घेऊ?’

रकाना वाढवून भागणार नाही, आणि टूल काढूनही घेऊ नका. दवाखान्याला वेळा रद्द कराव्याच लागतात. एजंटला ते जमलं नाही तर रिसेप्शनवरच्या ताई आठवड्याभरात पुन्हा वहीकडे वळतील. अडचण अशी आहे की तुम्ही हे टूल ‘नोंद पुसायचं’ म्हणून बांधलंय. कॅलेंडरमधली नोंद म्हणजे दोन माणसांत ठरलेली गोष्ट. ती रद्द करणं म्हणजे समोरच्याला निरोप धाडणं. पुसलेली नोंद बहुतेक वेळा परत आणता येते, पण एकदा गेलेला निरोप मागे घेता येत नाही. तुमच्याकडे उलटं झालं: निरोप गेलाच नाही. आधी निरोपाचा विचार करा आणि त्याच्याभोवती टूल बांधा.

मी १६ वर्षं सांगली-मिरजेतल्या दुकानांसाठी आणि दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते. ही गोष्ट मला स्वतःच्या चुकीतून कळली, म्हणून ती चूक आधी सांगते.

मार्च २०२५. बेदाण्याचा हंगाम भरात होता. सांगलीतल्या एका व्यापाऱ्यांसाठी, त्यांना इथे अण्णा म्हणते, मी फोनवर बोलून चालणारा एजंट बांधला होता. त्यांच्याकडे दर मंगळवारी सकाळी साडेसातला कोल्ड स्टोरेजमध्ये बॉक्सची मोजणी असायची. गुगल कॅलेंडरमध्ये ती एक मालिका म्हणून टाकलेली, निमंत्रित नऊ जण: स्टोरेजचे मॅनेजर, हमालांच्या टोळीचे मुकादम, दोन ट्रकवाले, तासगावचे काही शेतकरी. सोमवारी रात्री जेवण झाल्यावर अण्णा फोनला म्हणाले, ‘उद्याचं मोजणीचं काढ बरं.’ एजंट म्हणाला, ‘काढली.’ अण्णांना वाटलं, फोन हळू चालतोय, दिसेल थोड्या वेळाने. ते झोपून गेले. त्याच वेळी नऊ फोनवर मेल पोचला होता की मंगळवारची मोजणी रद्द. एका मंगळवारची नाही, यापुढच्या सगळ्या मंगळवारांची.

सकाळी स्टोरेजच्या दाराला कुलूप. मुकादमांनी टोळी दुसरीकडे पाठवलेली. अण्णांचा मला फोन आला, आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणाले, ‘मॅडम, मी नुसतं बघायला मागितलं होतं की हो. पान काढ म्हटलं, फाडायला कुठं सांगितलं?’

दोन वेगवेगळ्या चुका एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या, आणि दोन्हींचं मूळ माझ्या टूलमध्ये होतं.

पहिली चूक शब्दाची. ‘काढणे’ हे क्रियापद आपल्याकडे किती कामं करतं बघा. मीटिंग काढ म्हणजे रद्द कर. डॉक्टरांसाठी वेळ काढ म्हणजे सवड कर, म्हणजे उलट नवी नोंद घाल. लग्नाची तारीख काढ म्हणजे ठरव. आणि अडत दुकानात दिवाणजींना ‘मंगळवारचं काढा’ म्हटलं की ते वहीतलं मंगळवारचं पान उघडून समोर धरतात. अण्णांनी आयुष्यभर तोच शब्द त्याच अर्थाने वापरला. मॉडेलने, म्हणजे एजंटच्या आतल्या भाषा समजणाऱ्या एआयने, पहिला अर्थ उचलला, कारण टूलच्या वर्णनात मीच लिहून ठेवलं होतं: ‘कॅलेंडरमधली नोंद काढण्यासाठी हे टूल वापरा.’ मॉडेल टूल निवडतं ते बरंचसं त्या वर्णनावरून. तिथला प्रत्येक शब्द म्हणजे त्याला दिलेली परवानगी असते.

आता माझ्या वर्णनात असं असतं: ‘ठरलेली वेळ रद्द करण्यासाठी. वापरणाऱ्याने “रद्द कर”, “कॅन्सल कर”, “येणार नाही म्हणून कळव” असं स्पष्ट म्हटलं तरच वापरा. “काढ”, “बघ”, “मोकळं कर” एवढंच म्हटलं असेल तर हे टूल वापरू नका. नोंद दाखवा आणि विचारा. वेळ बदलायची असेल तर “पुढे ढकला” हे टूल वापरा.’ शेवटचं वाक्य तुमच्या दवाखान्यासाठी फार महत्त्वाचं आहे. दातांच्या दवाखान्यात रद्द म्हणून जे येतं त्यातलं बरंचसं खरं तर पुढे ढकलणं असतं. एजंटकडे वेळ बदलायचं टूल नसेल तर तो जुनी नोंद पुसून नवी घालतो. त्यात पेशंटचा ‘येतो’ हा होकार जातो, नोंदीत लिहिलेलं ‘रूट कॅनल, दुसरी बैठक’ जातं आणि पेशंटला आधी ‘रद्द’ आणि मग ‘नवीन’ असे दोन निरोप पोचतात. म्हणून डिलीटच्या शेजारी बदलायचं टूल असल्याशिवाय डिलीट देऊच नका.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर ‘परवा’बद्दल सांगते, कारण मराठीत काम करणाऱ्या एजंटला हा शब्द हमखास अडकवतो. परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस, आणि परवा म्हणजे उद्याच्या नंतरचाही दिवस. बोलताना आपण क्रियापदावरून ओळखतो: परवा झाली, परवा आहे. पण ‘परवाची रद्द कर’ ही आज्ञा आहे, तिला भूतकाळही नाही आणि भविष्यकाळही नाही. खुणेला काहीच उरत नाही. ‘पुढच्या सोमवारी’ हेही तसंच. शनिवारी बोलणाऱ्या माणसाच्या मनात परवाचा सोमवार आहे की त्याच्या नंतरचा, हे घराघरात वेगळं असतं. रात्री साडेबाराला ‘उद्या सकाळची’ म्हटलं तर माणूस अजून झोपलेला नसतो, त्याच्या लेखी आज संपलेला नसतो. सर्व्हरच्या लेखी मात्र तारीख बदललेली असते. हे सगळं मॉडेलला समजावून सांगत बसण्यापेक्षा एक नियम सोपा: रद्द करायच्या टूलने तारखेचे शब्द घ्यायचेच नाहीत. तारीख शोधायच्या टूलने ठरवायची, आणि सापडलेली नोंद माणसासमोर वार, तारीख, महिना, वेळ असं सगळं घालून ठेवायची. ‘परवाची’ नाही, ‘गुरुवार, १३ मार्च, सकाळी १०:४५’.

आता दुसरी चूक, आयडीची. ही जरा तांत्रिक आहे पण तुमच्याकडेही होणार, म्हणून सावकाश सांगते.

गुगल कॅलेंडरमध्ये दर आठवड्याला येणारी गोष्ट ही एकच मूळ नोंद असते, तिला एक आयडी: अक्षरं आणि आकडे यांची लांब माळ. त्यातला एक ठरावीक मंगळवार मागितला की त्याचा आयडी म्हणजे तीच माळ, पुढे एक अंडरस्कोअर आणि त्या दिवसाची मूळ वेळ. अण्णांच्या त्या मंगळवारची शेपटी होती २०२५०३११टी०२००००झेड. म्हणजे ११ मार्च, जागतिक वेळेने (शेवटचा झेड ही त्याचीच खूण) पहाटेचे दोन, आपले सकाळचे साडेसात. शोधायच्या टूलने आयडी बरोबर दिला होता. रद्द करायच्या टूलला देताना मॉडेलने अंडरस्कोअरपासूनची शेपटी गाळली. लॉगमध्ये, म्हणजे एजंटने काय काय केलं त्याच्या नोंदवहीत, दोन्ही ओळी एकाखाली एक दिसत होत्या. एखादं मधलं अक्षर चुकलं असतं तर गुगलने ‘सापडत नाही’ म्हणून ४०४ परत पाठवला असता आणि काही बिघडलं नसतं. पण शेपटी गाळली की उरतो तो मूळ मालिकेचा अगदी खरा आयडी. गुगलने निमूटपणे मालिका पुसली. मी टूलमध्ये निमंत्रितांना कळवायचा पर्याय कायम ‘सगळ्यांना’ ठेवला होता, त्यामुळे नऊ जणांना मेलही गेले.

यावर उपाय म्हणजे मॉडेलच्या हातात खरा आयडी द्यायचाच नाही. शोधायचं टूल निकाल देताना प्रत्येक नोंदीला त्या संभाषणापुरता छोटा क्रमांक देतं: क१, क२, क३. खरे आयडी तुमच्या सर्व्हरवर. मॉडेल ‘क२ रद्द’ म्हणतं. सर्व्हर क२ म्हणजे काय ते बघतो. शोधल्याशिवाय क्रमांक मिळत नाही, त्यामुळे न बघितलेली नोंद रद्द करता येत नाही. चुकून ‘क९’ आलं तर तसा क्रमांकच नसतो. याच्या जोडीला मी मॉडेलकडून नोंदीचं नाव आणि सुरू व्हायची वेळ पुन्हा मागते, आणि ती क२ शी जुळली नाही तर टूल नकार देतं. बँकेच्या चेकवर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही लिहितो, तसंच. तुमचे दोन जाधव इथेच वेगळे झाले असते. साताऱ्याच्या दवाखान्यात ‘जाधव’ ही ओळख पटवायची गोष्ट नाही, आणि एकाच घरातल्या मायलेकी एकाच फोन नंबरवर वेळ घेतात, म्हणून फोन नंबरही पुरत नाही. नाव, वेळ आणि कशासाठी येणार, हे तिन्ही निकालात दिसलं पाहिजे.

मालिका असेल तर आणखी एक सक्तीचा रकाना: ‘फक्त ही’ की ‘इथून पुढच्या’. याला आपोआप भरली जाणारी किंमत ठेवू नका. मॉडेलने भरलं नाही तर टूलने परत विचारावं. यातला दुसरा पर्याय दिसतो सोपा, पण गुगलच्या एपीआयमध्ये (आपल्या प्रोग्रामने गुगलला आज्ञा द्यायची सोय) ‘इथून पुढच्या पुसा’ अशी एक हाक, म्हणजे एकच आज्ञा, नाही. मूळ नोंदीतला पुनरावृत्तीचा नियम बदलून त्याला शेवटची तारीख लावावी लागते, ज्याला आयकॅलेंडर या कॅलेंडरच्या प्रमाणित पद्धतीच्या नियमपत्रात, आरएफसी ५५४५ मध्ये, ‘अनटिल’ म्हटलंय. म्हणजे हे रद्द करणं नसून दुरुस्ती आहे, आणि कोडही तसाच वेगळा लिहायला हवा. दोन खड्डे: अनटिलमध्ये दिलेला क्षण धरून मोजतात, त्यामुळे १८ मार्चची साडेसातची वेळ तशीच्या तशी लिहिली तर १८ ची मोजणी शिल्लक राहते, एक सेकंद आधीचा क्षण द्यावा. आणि तो क्षण जागतिक वेळेत लिहायचा असतो. ‘१७ तारखेची मध्यरात्र’ असं समजून १७ मार्च २३:५९:५९ झेड लिहिलं तर ते आपल्याकडे १८ च्या पहाटे साडेपाचला एक सेकंद कमी. साडेसातच्या मोजणीला ते चालून जातं, पण पहाटे पाचच्या योगवर्गाची १८ ची नोंद तशीच राहते. त्याच नियमात आधीच ‘एकूण इतक्या वेळा’ असा आकडा असेल तर तो काढावा लागतो. दोन्ही एकत्र चालत नाहीत.

सगळी मालिका पुसण्याबद्दल माझं मत ठाम आहे: एजंटला ती मुभा नको. मालिका मुळातून पुसली की मागचे मंगळवारही जातात. अण्णांच्या मागच्या नोंदींत प्रत्येक मोजणीचे आकडे लिहिलेले होते. होऊन गेलेली नोंद हा हिशेब असतो. माझ्या टूलमध्ये होऊन गेलेली कोणतीही नोंद एजंट रद्द करू शकत नाही. तुमच्या दवाखान्यात तर मागची नोंद म्हणजे पेशंट कधी आला, काय केलं, याचा माग. कुणाला खरंच पुसायची असेल त्याने स्वतः कॅलेंडर उघडून पुसावी. तसंच अख्खं कॅलेंडर मोकळं करायची किंवा पुसायची जी हाक गुगलच्या एपीआयमध्ये आहे, ती एजंटच्या टूलपर्यंत येऊच देऊ नका. गुगलच्या परवानग्यांत वाचायची आणि बदलायची अशी विभागणी आहे. बदलायची दिली की पुसायचीही त्यात आलीच. त्यामुळे नोंदींबद्दलच्या या मर्यादा तुमच्याच सर्व्हरवर घालाव्या लागतील, गुगल घालणार नाही.

आता तुमचा ‘खात्री आहे का’चा रकाना. तो भरणार कोण? मॉडेलच. मॉडेलला टूल चालवायचंय, टूल ‘हो’ मागतंय, तर ते ‘हो’ लिहून टाकतं. त्याची खात्री आधीपासूनच असते, म्हणून तर त्याने टूल उचललं. खात्री माणसाने द्यायची असते आणि ती मॉडेलच्या हातातून न जाता यायला हवी. माझ्याकडे दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत एजंट रद्द करायचा प्रस्ताव मांडतो. सर्व्हर तो जपून ठेवतो आणि फोनच्या पडद्यावर बटण दाखवतो. दुसरी पायरी माणसाचं बोट. ते बटण दाबल्याची खबर थेट सर्व्हरला जाते, मॉडेलला फक्त निकाल कळतो.

बटणाच्या वरचा मजकूरही मॉडेलकडून लिहून घेऊ नका. मॉडेलचा समज चुकला असेल तर तो चुकीचाच समज छान वाक्यात लिहील आणि माणूस त्यालाच होकार देईल. मजकूर सर्व्हरने नोंदीतून उचलावा. माझ्याकडे असं दिसतं:

‘मंगळवार, ११ मार्च, सकाळी ७:३०. बॉक्स मोजणी. फक्त या दिवसाची रद्द होईल; १८ मार्चची राहील. ९ जणांना मेल जाईल.’

त्याखाली दोन बटणं: ‘रद्द करा, मेल पाठवा’ आणि ‘राहू द्या’. अण्णांनी त्या रात्री हे वाचलं असतं तर ‘अरे, रद्द कशाला?’ म्हणून तिथेच थांबले असते. ‘हो’ आणि ‘नाही’ अशी बटणं नकोत. ‘हो’ म्हणजे कशाला हो, हे दिवसभर पंचवीस वेळा दाबणारा माणूस विसरून जातो.

त्याच कारणाने प्रत्येक गोष्टीला विचारूही नका. सारखं विचारणाऱ्या एजंटला लोक न वाचता होकार देऊ लागतात, आणि मग ज्या दिवशी वाचायला हवं त्या दिवशीही वाचत नाहीत. स्वतःचीच नोंद, निमंत्रित कुणी नाही, पुढची तारीख, एकदाच होणारी: अशी नोंद एजंटने लगेच रद्द करावी आणि ‘परत आणा’ हे बटण दाखवावं. दुसरं माणूस गुंतलं असेल किंवा मालिका असेल तर थांबून विचारावं. ही रेघ दवाखान्यातल्या ताईंबरोबर बसून आखा. कोणत्या वेळा त्या न विचारता हलवतात आणि कोणत्या डॉक्टरांना विचारून, हे त्यांना तोंडपाठ असतं.

प्रस्ताव आणि बटण यांच्यामध्ये वेळ जातो, तेवढ्यात कुणी नोंद बदलली तर? ताईंनी तीच वेळ संगणकावरून दुपारी ढकलली आणि नंतर डॉक्टरांनी फोनवर सकाळचं समजून बटण दाबलं, तर? यासाठी गुगल प्रत्येक नोंदीबरोबर ईटॅग देतं, नोंदीच्या त्या घडीच्या रूपाचा शिक्का म्हणा. प्रस्ताव करताना तो जपून ठेवा आणि रद्द करताना इफ-मॅच हेडरमधून (विनंतीसोबत जाणारी चिठ्ठी म्हणा) पाठवा. मधे नोंद बदलली असेल तर गुगलकडून ४१२ हा नकाराचा कोड येतो आणि काहीही रद्द होत नाही. मग नवीन मजकूर दाखवून पुन्हा विचारायचं. हे चार ओळींचं काम आहे आणि बहुतेक जण ते करत नाहीत.

रद्द कोण करतंय, हेही टूलला माहीत हवं. आयोजकाने नोंद पुसली तर ती सगळ्यांसाठी रद्द होते. निमंत्रिताने पुसली तर ती फक्त त्याच्या कॅलेंडरमधून जाते. माणसं दोन्हीला ‘रद्द कर’च म्हणतात. डॉक्टरांना मिरजेच्या एखाद्या परिषदेचं निमंत्रण आहे आणि ते म्हणतात ‘ते रद्द कर’, तर त्यांना परिषद थोडीच रद्द करायची असते, ‘मी येत नाही’ असं कळवायचं असतं. त्यासाठी ‘नाही म्हणा’ हे वेगळं टूल ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या ग्राफ एपीआयमध्ये आयोजकाने रद्द करायची वेगळी हाक आहे, तीत सोबत चार शब्द लिहिता येतात. ती कल्पना मला पटली. माझ्याकडे रद्द करताना कारणाचा रकाना असतो, रिकामा चालतो, पण भरला तर तो निरोपात जातो. ‘डॉक्टर बाहेरगावी गेल्याने’ एवढं जरी लिहिलं तरी कोरेगावचा माणूस समजून घेतो.

आणि निरोप जातो कसा ते बघा. तुमच्या पेशंटपैकी किती जण कॅलेंडरच्या निमंत्रणात ईमेलने आहेत? बहुतेकांचं नाव आणि फोन नंबर नोंदीच्या तपशिलात टाकलेला असणार. मग गुगल कुणालाच काही कळवणार नाही, पर्याय कोणताही ठेवा. म्हणून टूलने ‘झालं’ असं उत्तर देऊ नये. उत्तर असं असावं: ‘नोंद रद्द झाली. पेशंटला अजून कळवलेलं नाही. नोंदीत फोन नंबर आहे.’ एजंटने ते ताईंना सांगावं, आणि एसएमएस गेला किंवा ताईंनी फोन केला अशी खूण होईपर्यंत ती वेळ दुसऱ्या पेशंटला देऊ नये. तुमच्याकडे जे घडलं ते या एका अटीने अर्धं टळलं असतं: चुकीची नोंद रद्द झाली असती, पण चुकीच्या जाधवांना फोन गेला असता आणि ते म्हणाले असते, ‘मी तर येतोय.’

परत आणण्याबद्दल. गुगल कॅलेंडरच्या ट्रॅशमध्ये नोंद ३० दिवस राहते. अण्णांची मालिका मी त्याच सकाळी तिथून परत आणली. तरी नऊ जणांना दिवाणजींनी एकेक करून फोन केले, त्यात सकाळ गेली. म्हणून मी दोन गोष्टी वाढवल्या. रद्द करण्याआधी नोंद जशीच्या तशी आपल्या डेटाबेसमध्ये उतरवून ठेवते. आणि ज्या नोंदीत दुसरी माणसं आहेत ती बटण दाबल्यावरही पाच मिनिटांनीच खरी रद्द होते. तोवर पडद्यावर ‘थांबवा’ दिसत राहतं. माणसाला चूक कळते ती बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात; ते मिनिट त्याला मिळायला हवं. एक लक्षात ठेवा, परत आणताना ती वेळ मधल्या काळात कुणी घेतली नाही ना, हे तपासल्याशिवाय आणू नका, नाहीतर एका खुर्चीवर दोन पेशंट.

टूल चुकल्यावर मॉडेलला काय सांगतं, याकडे कुणी लक्ष देत नाही. नुसता ‘एरर ४०४’ परत दिला तर मॉडेल कामसू असतं, ते पुन्हा शोधतं, जवळपासची दुसरी नोंद सापडते आणि तीच रद्द करतं. हे मी लॉगमध्ये पाहिलंय. उत्तर वाक्यात द्या: ‘ही नोंद सापडली नाही. दुसरी नोंद निवडू नका, वापरणाऱ्याला विचारा.’ ४१० म्हणजे नोंद आधीच पुसलेली आहे. ते अपयश नाही, ‘आधीच रद्द झालेली आहे’ असं सांगा. नेटवर्क तुटल्यावर एजंट तेच काम पुन्हा करतो, तेव्हा दुसऱ्यांदा मेल जाऊ नये म्हणून प्रस्तावाचा क्रमांक एकदाच चालू द्या. एमसीपीने (मॉडेलला टूल जोडायची एक प्रमाणित पद्धत) टूल देत असाल तर त्यात ‘हे टूल नासधूस करू शकतं’ आणि ‘दोनदा चालवलं तरी फरक नाही’ अशा खुणा असतात, त्या जरूर लावा. पण त्या नुसत्या सूचना आहेत, कुलूप नव्हे.

एकदम अनेक नोंदी रद्द करायची वेळ येते, आणि ती घाईत येते. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको: पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका, आणि त्या दिवशी प्रत्येक दुकान, प्रत्येक दवाखाना पुढच्या चार दिवसांच्या वेळा रद्द करत असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही ते सगळं हातानेच केलं. एजंटला एकेक नोंद फिरून रद्द करू दिली तर विसाव्या नोंदीला तो कुठे आहे हे कुणालाच कळत नाही. त्यासाठी एक वेगळं टूल ठेवा: तारखांची हद्द घ्यायची, सगळी यादी पडद्यावर दाखवायची, प्रत्येकीसमोर खूण, एकच बटण. साध्या टूलला मात्र एका संभाषणात तीन नोंदींची मर्यादा घाला.

आणखी एक धोका बाहेरून येतो. कॅलेंडरचं निमंत्रण कुणीही पाठवू शकतं आणि त्याच्या मजकुरात काहीही लिहू शकतं. २०२५ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी गुगल कॅलेंडरच्या निमंत्रणात लपवलेल्या सूचनांनी जेमिनी या गुगलच्या एआयकडून भलतीच कामं करून घेऊन दाखवली; त्यात नोंदी पुसणंही होतं आणि घरातले दिवे चालू-बंद करणंही. नोंदीतला मजकूर मॉडेल वाचतं, आणि वाचलेलं आणि सांगितलेलं यातला फरक त्याला नेहमी राखता येत नाही. बटण माणसाच्या बोटाखाली आणि मजकूर सर्व्हरचा, या दोन गोष्टी केल्या असतील तर हा हल्लाही तिथेच अडतो.

लॉगमध्ये तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा: माणूस काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, मॉडेलने टूलला काय दिलं, आणि सर्व्हरने काय केलं. अण्णांचं ‘काढ बरं’ हे मूळ वाक्य जपलेलं नसतं तर मी आयडी दुरुस्त करून गप्प बसले असते आणि शब्दाची चूक तशीच राहिली असती. त्यानंतर मी दिवाणजींकडून त्यांच्या रोजच्या बोलण्यातली चाळीस वाक्यं लिहून घेतली आणि टूलमध्ये काहीही बदललं की आधी त्यांवर चालवून बघते. तुम्ही ताईंकडून घ्या. ‘सकाळचं नको म्हणतायत’, ‘त्यांचं जरा बघ’, ‘जाधव बाईंचं राहू दे’, अशी वाक्यं तुम्हाला घरी बसून सुचणार नाहीत. आणि त्यातलं ‘राहू दे’ म्हणजे ठेव की सोडून दे, हे त्यांनाच विचारा.

चाचणीसाठी वेगळं कॅलेंडर काढा, त्यात निमंत्रित म्हणून स्वतःचेच दोन-तीन ईमेल पत्ते घाला, आणि दर आठवड्याची एक मालिका ठेवा जिच्यातला एक दिवस आधीच हलवलेला आहे. मेल किती गेले, कोणत्या भाषेत गेले आणि फोनवर उघडल्यावर पहिल्या ओळीत काय दिसतं, हे स्वतःच्या फोनवर पाहून घेतल्याशिवाय दवाखान्याच्या कॅलेंडरला एजंट जोडू नका.